गिरगाव सोडावे का? मुंबईच्या पहिल्या उपनगरांचा हिशोब

१/
शहराबाहेर नवी वसाहत होते आहे. हवा चांगली, रस्ते रुंद, स्टेशन फार लांब नाही. बिऱ्हाड तिकडे हलवावे काय? शंभर वर्षांपूर्वी गिरगावातील चाळींत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न उभा होता. त्यांनी तो कसा सोडवला, आणि त्या उत्तरात कोणाला जागा मिळाली नाही, याविषयी हा थ्रेड.

२/
आरंभ प्लेगपासून करावा लागतो. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले आणि पाहता पाहता लोक मुंबई सोडून पळू लागले. दोन वर्षांनी, १८९८ साली, सरकारने कायदा करून 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन केला. कोंदट वस्त्या पाडणे, हवा खेळेल असे रस्ते काढणे, आणि उत्तरेस दादर-माटुंग्याकडे आखीव वस्ती वसवणे ही त्याची कामे.

३/
ट्रस्टच्या दृष्टीने चांगली वस्ती कोणती, हे स्पष्ट होते: जिथे उजेड व वारा आहे ती. भूखंड आखले गेले, इमारतींच्या उंचीवर बंधने आली. तरीही पहिल्या महायुद्धापर्यंत मध्यमवर्ग तिकडे फारसा फिरकला नाही.

यात नवल नाही. गिरगावच्या चाळीत हवा कमी असेल, पण शाळा पायी जाण्याच्या अंतरावर, फोर्टातील कचेरी ट्रामच्या टप्प्यात, आणि गॅलरीत हाक मारली की चार घरांतून माणसे धावून येत. घरातील कर्ता पुरुष सकाळी गेला की दादरच्या माळावर बायकामुलांना सोबत कोणाची? हा प्रश्न ट्रस्टच्या नकाशात कुठेच नव्हता.

४/
युद्धाने गणित बदलले. भाडी इतकी भडकली की १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. नोकरीसाठी येणाऱ्या कुटुंबांना शहरात जागा मिळेना. रेल्वेही सुधारत होती: १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, आणि १९२८ साली पश्चिमेकडील मार्गावर ती बोरिवलीपर्यंत धावू लागली. महिन्याचा पास काढून कचेरी गाठणे आता शक्य झाले.

५/
नव्या घराचे नावही नवे होते: 'ब्लॉक'. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचकूप एकाच दाराच्या आत. आज ही सोय वाटते. तेव्हा सोवळे पाळणाऱ्या घरांत शौचकूप घरात आणणे ही शंकेची गोष्ट होती. चाळीत ते गॅलरीच्या टोकाला, म्हणजे घराबाहेर असे. 'स्वतंत्र ब्लॉक' हे शब्द पुढे लग्नाच्या बोलण्यांत अभिमानाने येऊ लागले, पण तिथवर येण्याआधी घरोघरी बरीच कुरबुर झाली असणार, असे मला वाटते.

६/
मग सोबतीचा प्रश्न कसा सुटला? लोक एकेकटे गेलेच नाहीत. आपली माणसे घेऊन गेले. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आशियातील ही पहिलीच गृहनिर्माण संस्था मानली जाते. दादरला ट्रस्टमधीलच अभियंते मंचेरजी जोशी यांनी पारशी मध्यमवर्गासाठी भूखंड मिळवून पारशी कॉलनी वसवली. तिच्याच शेजारी हिंदू कॉलनी. माटुंग्यात दक्षिण भारतीय कुटुंबे एकवटली.

७/
आणि शाळा. माझ्या मते बिऱ्हाडाचा निर्णय खरा इथे होई.

पार्ल्याचे उदाहरण पाहा. हे गाव तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर, साष्टीत होते; हद्दीत ते आले १९५० साली. स्वस्त जागा आणि झाडी याखेरीज दाखवण्यासारखे फारसे काही नव्हते. पण लोकमान्यांच्या निधनानंतर वर्षभरातच, १९२१ साली, तेथे पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. शाळा, पाठोपाठ ग्रंथालय व व्याख्याने. हे कोणा सरकारी मंडळाने दिले नव्हते; राहायला आलेल्यांनीच उभे केले. पार्ले राहण्याजोगे होते म्हणून माणसे आली, यापेक्षा आलेल्या माणसांनी ते राहण्याजोगे केले, हे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल.

पु. ल. देशपांडे यांच्या कुटुंबाचा प्रवास याच वाटेचा. जन्म १९१९ साली गावदेवीत, बालपणाची पहिली वर्षे जोगेश्वरीच्या नव्या सारस्वत कॉलनीत, आणि नंतर पार्ले. शिक्षण अर्थात टिळक विद्यालयात.

८/
येथवरची कहाणी गोड आहे. पण 'आपली माणसे' या शब्दांना दुसरी बाजू होती. ट्रस्टने ज्या गरिबांच्या खोल्या पाडल्या, त्यांतील फार थोडे दादरच्या ब्लॉकमध्ये पोहोचले. भाडे परवडणारे नव्हते, आणि जातीच्या पायावर उभ्या राहिलेल्या संस्थांत प्रवेशाची अट पैशाहून वेगळी होती.

९/
म्हणून आणखी एका कुटुंबाचे स्थलांतर पाहणे आवश्यक आहे. ट्रस्टने कामगारांसाठी चाळीही बांधल्या. बी.आय.टी. चाळी या नावातील तीन अक्षरे त्याचीच. परळच्या अशा एका चाळीत, दोन खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे वीस वर्षे राहिले. परदेशी पदव्या, वकिली, चळवळ आणि वाढत जाणारी पुस्तके, सारे त्याच जागेत.

१०/
जागा शोधताना जात आडवी येते म्हणजे काय, हे त्यांना पुरते ठाऊक होते. १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर त्यांना कोणी घर देईना, आणि जात उघड होताच पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावे लागले. पुढे मुंबईत त्यांनी स्वतःचे घर करायचे ठरवले. दादरच्या हिंदू कॉलनीत भूखंड घेतला आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी स्वतःचे घर बांधले. आखणी करताना ग्रंथसंग्रहाचा विचार अग्रक्रमाने झाला. स्वतःच्या मालकीचे घर हा घरमालकाच्या प्रश्नांतून सुटण्याचाही मार्ग होता, असे मला वाटते.

११/
घराचे नाव प्राचीन मगधाच्या राजधानीवरून ठेवले: राजगृह. पुस्तकांना अखेर जागा मिळाली. परळच्या दोन खोल्यांत ज्यांनी संसार ओढला त्या रमाबाईंना मात्र तिथे फार काळ लाभला नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले.