चौसष्ट चिंचोके

आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाउणकी घोकली. छळच वाटतो ना? पण तेव्हाचा रुपया सोळा आण्यांचा, आणा चार पैशांचा. म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नये पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस सुटसुटीत जमले, पण एका आण्याचे सव्वासहा! लिहून हिशेब करायला दशमानच सोपं, वाद नाही. पाव-निमकं हाताला शिकवायला मात्र मला जुना रुपया बरा वाटतो. लेकीपुढे चौसष्ट चिंचोके ठेवून म्हटलं, निम्मे करत जा. सहा वेळा निम्मे करून ती बरोब्बर एकावर आली. मग शंभर दिले. दोनदातच पंचवीसवर अडली आणि अडकित्ता मागू लागली.