स्थूलतानिवारक शस्त्रक्रिया

स्थूलतानिवारक शस्त्रक्रिया : तीव्र स्थूलता असलेल्या व्यक्तीचे वजन कमी व्हावे व स्थूलतेमुळे जडलेले विकार आटोक्यात यावेत यासाठी जठर, लहान आतडे किंवा दोहोंच्या रचनेत बदल करणाऱ्या शस्त्रक्रियांना ही संज्ञा देतात. त्वचेखालील चरबी काढून टाकणाऱ्या सौंदर्यविषयक शस्त्रक्रियेहून या भिन्न आहेत. यांत चरबी काढली जात नाही. अन्नमार्ग बदलल्याचा परिणाम म्हणून ती हळूहळू घटते. ही घट किती व्हावी, किती काळ टिकावी आणि यश कशावरून ठरवावे, यांविषयीच्या कल्पना गेल्या सु. सत्तर वर्षांत अनेकदा बदलल्या आहेत. शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या रुग्णाने कोणती अपेक्षा बाळगावी, हे त्या बदलांवरून चांगले कळते.

आतड्यांवरील प्रारंभीच्या शस्त्रक्रिया : अन्नाचे बहुतांश शोषण लहान आतड्यात होते. आतड्याची लांबी कमी केल्यास शोषण घटेल व वजन उतरेल, हा प्रारंभीचा साधा तर्क होता. स्वीडनमधील व्हिक्टर हेन्‍रिक्‌सन यांनी लहान आतड्याचा काही भाग काढून टाकल्याचे १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ए. जे. क्रेमेन व त्यांचे सहकारी यांनी आतड्याच्या वरच्या व खालच्या भागांचे पोषणातील महत्त्व प्राण्यांवरील प्रयोगांनी तपासले (१९५४). पुढे लॉस अँजेल्स येथील जे. हॉवर्ड पेन व लॉरेन डिविंड यांनी मध्यांत्राचा (लहान आतड्याच्या मधल्या भागाचा) सुरुवातीचा सु. ३५ सेंमी. भाग शेषांत्राच्या (शेवटच्या भागाच्या) अखेरच्या सु. १० सेंमी. भागाला जोडण्याची पद्धती रूढ केली (१९६९). उरलेले कित्येक मीटर लांबीचे आतडे त्यामुळे निरुपयोगी होई.

वजन पुष्कळ घटत असे. परंतु तीव्र अतिसार, वृक्कातील (मूत्रपिंडातील) खडे, सांधेदुखी, जीवनसत्त्वांची न्यूनता आणि क्वचित यकृत निकामी होऊन मृत्यू, असे उपद्रव दिसू लागले. अनेक रुग्णांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली. १९८० च्या सुमारास ही पद्धती मागे पडली. केवळ उतरलेले किलोग्रॅम मोजून उपचाराचे यश ठरविता येत नाही, हा धडा या काळात मिळाला.

जठरावरील शस्त्रक्रिया : आयोवा विद्यापीठातील एडवर्ड ई. मेसन यांच्या लक्षात आले होते की, व्रणासाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन सहसा वाढत नाही. त्यांनी व चिकाशी इटो यांनी जठराचा वरचा लहान कप्पा वेगळा करून तो थेट आतड्याला जोडला. हीच ‘जठर-बायपास’ शस्त्रक्रिया होय (१९६६, प्रसिद्धी १९६७). आतड्याच्या साध्या जोडामुळे पित्त जठरात उलटे येत असे. स्विस शल्यविशारद सेझार रू (१८५७–१९३४) यांच्या नावाने ओळखला जाणारा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचा जोड वॉर्ड ग्रिफेन यांनी १९७७ मध्ये या कामी वापरला व तो दोष दूर केला. जठराचा उभा कप्पा करून त्याच्या तोंडाशी पट्टी बसविण्याची मेसन यांची दुसरी पद्धती (१९८२), इटलीतील निकोला स्कोपिनारो यांची पित्त व स्वादुपिंडरस वळविण्याची पद्धती (१९७९) आणि ल्युबोमिर कुझमाक यांची फुगविता येणारी पट्टी (१९८६) यांचाही काही काळ प्रसार झाला.

पोटावर लहान छिद्रे पाडून उदरदर्शकाच्या साहाय्याने जठर-बायपास करता येते, हे ॲलन विटग्रोव्ह व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखविले. त्यामुळे वेदना व रुग्णालयातील मुक्काम कमी झाला आणि या उपचाराचा वेगाने प्रसार झाला. सध्या जगात सर्वाधिक केली जाणारी ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया मात्र काहीशी योगायोगाने पुढे आली. अतिशय स्थूल रुग्णांत मोठी शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करावी, म्हणून पहिल्या टप्प्यात जठराचा सु. तीन चतुर्थांश भाग काढून सदऱ्याच्या बाहीसारखी नळी तेवढी ठेवत असत. अनेकांचे वजन तेवढ्यानेच पुरेसे घटल्याने २००० नंतरच्या दशकात ही स्वतंत्र शस्त्रक्रिया ठरली.

कार्यपद्धतीविषयीची बदलती समजूत : जठर लहान झाल्याने अन्न कमी खाल्ले जाते, एवढेच स्पष्टीकरण दीर्घकाळ देण्यात येई. नॉर्थ कॅरोलायनामधील वॉल्टर पोरिस यांनी १९९५ मध्ये ६०८ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील प्रौढ प्रकारचा मधुमेह असलेल्या १४६ पैकी १२१ जणांची रक्तशर्करा प्राकृत पातळीवर आली होती. वजन फारसे घटण्यापूर्वीच हा बदल दिसू लागतो, ही त्यातील लक्षणीय बाब होय. भूक वाढविणारे घ्रेलिन हे जठरातील हॉर्मोन १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधले. जठर-बायपासनंतर त्याची पातळी बरीच खाली राहते, असे सिॲटल येथील डेव्हिड कमिंग्ज यांनी २००२ मध्ये दाखविले. तृप्तीची जाणीव देणारी व इन्शुलिनाचा स्राव वाढविणारी आतड्यातील हॉर्मोने मात्र वाढतात. म्हणून या शस्त्रक्रियांना आता ‘चयापचयी शस्त्रक्रिया’ असेही म्हणतात. [→ मधुमेह; हॉर्मोने].

वजनघटीचे स्वरूप : घट दोन प्रकारे मोजतात : मूळ वजनाच्या टक्केवारीत किंवा जादा वजनाच्या टक्केवारीत. या दोहोंतील फरक ध्यानी न घेतल्यास गैरसमज होतो. उदा., १६० सेंमी. उंची व १२० किग्रॅ. वजन असलेल्या व्यक्तीचा देहभार निर्देशांक (किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या) सु. ४७ असतो. निर्देशांक २५ होण्यास तिचे वजन ६४ किग्रॅ. असावे लागेल, म्हणजे जादा वजन ५६ किग्रॅ. आहे. शस्त्रक्रियेनंतर तिचे वजन ३६ किग्रॅ. उतरले, तर ती मूळ वजनाच्या ३० टक्के, पण जादा वजनाच्या सु. ६४ टक्के घट होय. वैद्यकीय दृष्ट्या हे उत्तम यश आहे. तरीही ८४ किग्रॅ. वजन व सु. ३३ निर्देशांक असलेली ती व्यक्ती सडपातळ दिसणार नाही. इतरांच्या व स्वतःच्याही नजरेत ती स्थूलच राहते आणि उपचार फसला असे मानून निराश होते. शस्त्रक्रियेपूर्वीच हा हिशेब समजावून सांगणे म्हणूनच अगत्याचे असते.

घटीचा वेगही सारखा नसतो. पहिल्या सहा महिन्यांत वजन झपाट्याने उतरते, नंतर वेग मंदावतो आणि एक ते दोन वर्षांच्या दरम्यान नीचांक गाठला जातो. त्यानंतर काही वजन बहुधा परत येते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात लार्स शस्ट्रम व सहकाऱ्यांनी २,०१० शस्त्रक्रिया झालेल्या आणि २,०३७ न झालेल्या व्यक्तींची तुलना केली. शस्त्रक्रिया झालेल्यांत सरासरी घट दोन वर्षांनी २३ टक्के, दहा वर्षांनी १७ टक्के व वीस वर्षांनी १८ टक्के होती. दुसऱ्या गटाचे वजन जवळजवळ होते तेवढेच राहिले. दहा वर्षांनंतरची घट जठर-बायपासमध्ये २५ टक्के, तर पट्टीच्या शस्त्रक्रियेत १४ टक्के भरली. अमेरिकेतील यूटा येथील अभ्यासात (२०१७) जठर-बायपासनंतरची सरासरी घट दोन वर्षांनी ४५ किग्रॅ. व बारा वर्षांनी ३५ किग्रॅ. आढळली. सारांश, थोडी वाढ ही रुग्णाच्या इच्छाशक्तीचा पराभव नसून शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. वजन घटताच शरीराचा ऊर्जाव्यय कमी होतो आणि भूकही काही अंशी परतते.

लाभ व मर्यादा : स्वीडनमधील अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूचा धोका सु. २९ टक्क्यांनी कमी आढळला (२००७). मधुमेह दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्णांत मागे हटला होता, तर दहा वर्षांनी ३६ टक्के रुग्णांत तसा राहिला. यावरून लाभ मोठा असला, तरी तो कायमचा समजू नये हे दिसते. अमेरिकेतील बहुकेंद्री पाहणीत (२००९) शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०·३ टक्के होते. त्वरित होणाऱ्या उपद्रवांत टाक्यांतून गळती, रक्तस्राव व रक्ताच्या गुठळ्या हे प्रमुख होत. नंतर लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे ब१, ब१२ व ड यांची न्यूनता, पित्ताशयातील खडे आणि गोड पदार्थांनंतर घाम, धडधड व भोवळ ही लक्षणे उद्भवू शकतात. पहिल्या काही महिन्यांत केस गळतात. ते बहुधा पुन्हा येतात. लोंबणारी त्वचा मात्र आपोआप आक्रसत नाही. जठर-बायपासनंतर मद्य वेगाने रक्तात भिनते व व्यसनाचा धोका वाढतो. यूटा येथील २००७ च्या अभ्यासात रोगांमुळे होणारे मृत्यू घटले, पण अपघात व आत्महत्या यांसारख्या कारणांनी होणारे मृत्यू तुलनेने अधिक आढळले. त्यामुळे मानसिक आरोग्याची देखरेख हा उपचाराचा अविभाज्य भाग मानतात. गर्भधारणा शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष लांबणीवर टाकण्याचा सल्ला देण्यात येतो.

भारतीय संदर्भ : अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९१ मधील परिषदेने देहभार निर्देशांक ४० वा अधिक, किंवा सहविकार असल्यास ३५ वा अधिक, अशी मर्यादा ठरविली होती. ती भारतीयांना जशीच्या तशी लागू पडत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२·३ होता. पण शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के होते. त्याच निर्देशांकाला भारतीयांत मेद व मधुमेहाचा धोका अधिक असतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सर्वसाधारण मर्यादा ३५ व चयापचयी विकार असल्यास ३० केली आणि आशियाई व्यक्तींसाठी २७·५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करण्यास सुचविले. शाकाहारी रुग्णांना लहानशा जठरात दररोजची ६० ग्रॅ. वा अधिक प्रथिने बसविणे कठीण जाते. त्यांना पोळी-भाताआधी डाळ, उसळ, दही व पनीर खाण्याची सवय लावावी लागते.

आतड्यातील हॉर्मोनांच्या अभ्यासाशी निगडित असलेली सेमाग्लुटाइडासारखी औषधे २०२१ पासून स्थूलतेवर वापरात आली असून चाचणीत त्यांनी सरासरी सु. १५ टक्के घट दाखविली; परंतु ती थांबविल्यास वजन बव्हंशी परत येते. शस्त्रक्रियेचा परिणाम त्याहून दीर्घकाळ टिकतो. तथापि आहार, व्यायाम, पूरक जीवनसत्त्वे व नियमित रक्ततपासणी यांतून तीही रुग्णाला मुक्त करीत नाही. स्थूलता हा दीर्घकालिक विकार असल्याने शस्त्रक्रिया ही त्याच्या उपचाराची सुरुवात असून देखरेख आयुष्यभर चालू ठेवावी लागते.