काहीच न घडणारी कादंबरी: ‘बनगरवाडी’ कशी वाचावी?

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचलेल्या माणसाला तिची गोष्ट विचारली, तर उत्तर चार-पाच वाक्यांत संपतं. औंध संस्थानात, माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीवर तरुण मास्तर नेमणुकीवर येतो. शाळा सुरू होते. वाडी मिळून तालीम बांधते आणि खुद्द राजा ती बघायला येतो. मग दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, वाडी ओस पडते. बस्स. खलनायक नाही, रहस्य नाही, मास्तरचं लग्नसुद्धा होत नाही. तरीही १९५५ साली आलेलं हे लहानसं पुस्तक आजही वाचलं जातं, आणि १९९५ मध्ये अमोल पालेकरांनी त्यावर चित्रपट केला.

बरेच वाचक ते पंचविसाव्या पानावर खाली ठेवतात, हेही खरं. ‘काही घडतच नाही’ ही त्यांची तक्रार.

लासलगावच्या वाचकाला याचं उत्तर कांदाचाळीत सापडेल. निफाड तालुक्यातलं हे गाव देशाला ठाऊक आहे ते कांद्याच्या बाजारामुळे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला जातो आणि पुढचे चार-पाच महिने तिथेच राहतो. बाहेरून चाळ रोज तशीच दिसते. आत मात्र वजन घटत असतं, कुठे कोंब फुटतो, कुठे सड लागते. आज विकावा की अजून थांबावं, हा प्रश्न घरात रोज असतो आणि रोज बोलला जातोच असं नाही. शेवटी एके दिवशी गाडी बाजार समितीत लागते, व्यापारी बोली पुकारतात, काही क्षणांत भाव ठरतो. बातमी होते ती त्या भावाची. संथ कादंबरीकार चाळीपाशी थांबतो.

‘बनगरवाडी’तही असंच आहे. सुरुवातीला वाडीला नवा मास्तर परका असतो. हळूहळू लोक आपली कामं, अडचणी, भांडणं घेऊन त्याच्याकडे येऊ लागतात. ‘आता मास्तर वाडीचा झाला’ असं लेखक कुठेही जाहीर करत नाही. कोण कोणतं काम घेऊन आलं, कारभारी काय बोलला आणि कशावर गप्प राहिला, यावरून वाचकाने ते ओळखायचं. म्हणून इथे बारीकसारीक तपशील ओलांडून पुढे पळालं, की हाती खरंच काही लागत नाही. एवढ्या कष्टाने बांधलेल्या तालमीचंही तसंच. दुष्काळात माणसं निघून जातात, तेव्हा त्या तालमीचं काय, हा विचार लेखक वाचकावर सोडून देतो.

मराठीत अशा लेखनाला वेगळं नाव नाही. ते ‘ग्रामीण साहित्य’ या मोठ्या खात्यात जमा होतं. पण ग्रामीण म्हणजे संथ असं समीकरण नाही. द. मा. मिरासदारांचं गाव खळखळून हसवतं. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) शिकण्यासाठी मुलाला बापाशीच झगडावं लागतं, तर सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये न परवडणाऱ्या शेतीचा संताप उघड बोलतो. माडगूळकरांनी १९४९ च्या ‘माणदेशी माणसं’पासून धरलेला हलका सूर यापेक्षा निराळा आहे.

इंग्रजी वाचणाऱ्यांना हा सूर हल्ली भेटतो तो आयर्लंडमधून. जॉन मॅकगहर्न यांच्या ‘दॅट दे मे फेस द रायझिंग सन’मध्ये तळ्याकाठच्या वस्तीचं एक वर्ष आहे: शेजारी येतात, चहा होतो, गवत कापलं जातं. क्लेअर कीगन यांच्या ‘फॉस्टर’मध्ये एका मुलीला उन्हाळ्यापुरतं नातेवाइकांच्या शेतघरी ठेवलं जातं. तिला मुलाचे कपडे घालायला मिळतात. त्या घरात तर मूल नसतं. सगळी गोष्ट त्या कपड्यांत आहे. याच पुस्तकावर निघालेला आयरिश भाषेतला चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला.

मात्र शांतपणाला गोडवा समजण्याची चूक शहरी वाचक हमखास करतात. मॅकगहर्न यांच्या ‘द डार्क’ या कादंबरीवर १९६५ मध्ये आयर्लंडमध्ये बंदी आली आणि त्यांची शिक्षकाची नोकरी गेली. कीगन यांच्या ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’मध्ये कॉन्व्हेंटच्या धुलाईघरात डांबलेल्या मुलींबद्दल गावाला कल्पना असते आणि तरी कुणी तोंड उघडत नाही. तिथे गप्प राहणं हाच गुन्ह्याचा भाग आहे.

सुरुवात करायची तर थेट कादंबरीने करू नये. आधी ‘माणदेशी माणसं’मधलं ‘झेल्या’ हे शाळकरी पोराचं व्यक्तिचित्र वाचावं. ते एका बैठकीत होतं. ‘बनगरवाडी’ला दोन-तीन संध्याकाळी लागतील. श्रावणातल्या बऱ्या, चाळीतला कांदा अजून बाहेर काढायचा असतो तेव्हाच्या.