बाप्तिस्म्याचें नांव

बालकास कांहींसें आगळें नांव द्यावें, ही आईबापांची हौस जुनीच आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजा हें जिजाबाईंचें माहेर. तेथील जाधवांचे जावई शहाजी व त्यांचे बंधु शरीफजी यांचीं नांवें मालोजींनीं अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेविलीं, अशी परंपरा आहे. मराठ्याच्या घरीं पिराचें नांव! आज तें कोणास परकें वाटतें?

संताचें नांव ठेवण्याची रीत ख्रिस्तसभेंतही फार जुनी. १९१७ च्या धर्मसंहितेनें तर असें सांगितलें होतें कीं, आईबाप ख्रिस्ती नांवास राजी नसतील तर धर्मगुरूनें त्यांच्या नांवास संताचें नांव जोडावें व दोन्ही नोंदवहींत लिहावीं. १९८३ च्या संहितेनें हा नियम सौम्य केला. ख्रिस्ती भावनेस विसंगत नांव नसावें, एवढेंच तिचें मागणें. तेव्हां आनंद, ज्योति, करुणा हीं नांवें बाप्तिस्मा-कुंडापाशीं अडूं नयेत, असें आमचें मत आहे. रेव्हरंड टिळक (ते प्रॉटेस्टंट, हें खरें) १८९५ सालीं बाप्तिस्मा घेऊनही नारायण वामनच राहिले.

मात्र केवळ कानास गोड लागतात म्हणून जुळविलेलीं अक्षरें घेऊन कोणी आलें, तर आम्ही इतकेंच विचारतों : उद्यां लेंकरानें अर्थ पुसला, तर काय सांगाल?