दादर : स्थानक आणि वस्ती

आज आपणांपुढें एका रेल्वेस्थानकाचा आणि त्याच्या भोंवतीं वसलेल्या वस्तीचा इतिहास मांडावयाचा आहे. तें स्थानक म्हणजे मुंबईचें दादर. लोहाऱ्याच्या श्रोत्यांनीं दादरची वार्ता कां ऐकावी, असें कोणी विचारील. लोहारा तालुक्यांतून रेल्वेचा रूळ गेलेला नाहीं. गाडी धरावयाची तर सोलापूर, धाराशिव किंवा लातूर गांठावें लागतें. परंतु आपल्याकडून मुंबईस जाणाऱ्या कित्येकांचा पाय त्या शहरांत प्रथम टेकतो तो दादरासच. शिवाय, रेल्वे आली म्हणजे गांव आपोआप सुधारतें, अशी जी समजूत सर्वत्र रूढ आहे, तिची पारख करावयास दादरासारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल.

दादर या शब्दाचा अर्थ जिना. मुंबई बेटांत चढण्याची ही पायरी, म्हणून हें नांव पडलें असें लोक सांगतात. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. चौदा डबे, सुमारें ४०० निमंत्रित पाहुणे आणि २१ मैलांचा मार्ग, असा तो समारंभ होता. ती गाडी दादरच्या शिवारांतूनच पुढें गेली. पुढें १२ एप्रिल १८६७ पासून दुसऱ्या कंपनीची, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची, विरारहून बॅकबेपर्यंत दररोज एक गाडी सुरू झाली, आणि तिच्या थांब्यांत दादरचें नांव आलें. दोन कंपन्यांचे रूळ येथें अगदीं शेजारीं येतात. उत्तरेकडून येणारा आणि दक्खनेंतून येणारा असे दोन प्रवाह जेथें जवळ येतात, तें स्थळ एका दिवसांत भरभराटीस यावयास हवें होतें. तसें झालें नाहीं. पुढें तीस वर्षें गाड्या येत होत्या व जात होत्या. परंतु रुळांच्या दोहों बाजूंस भाताचीं खाचरें, माडांच्या वाड्या आणि लहानसहान पाडे हेंच दृश्य कायम होतें. स्थानक होतें, पण नगर नव्हतें.

नगर वसविण्याची निकड उत्पन्न झाली ती एका महासंकटामुळें. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, सांथ उद्भवली. डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनीं तो रोग प्रथम ओळखला. जेथें वारा शिरत नाहीं व ऊन पडत नाहीं, अशा चाळींतून माणसें पटापट मरूं लागलीं. हजारों लोक शहर सोडून पळाले. तेव्हां सरकारनें १८९८ साली मुंबई सुधारणेसाठीं एक स्वतंत्र मंडळ, ज्यास लोक सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणत, तें स्थापन केलें. दाटीच्या वस्त्या पाडून रस्ते रुंद करणें हें त्याचें एक कार्य. आणि उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर नवी वसाहत उभारणें हें दुसरें. १८९९-१९०० च्या सुमारास दादर-माटुंगा योजना आंखली गेली. या एका योजनेंत ६०,००० माणसांची सोय करण्याचा संकल्प होता.

या योजनेचें मर्म तिच्या क्रमांत आहे. बहुतेक गांवीं आधीं घरें होतात, मग घरांमधून वाट काढावी लागते, आणि सांडपाण्याचा विचार सर्वांच्या शेवटीं. येथें तो क्रम उलटा केला. आधीं जमीन घेतली, मग रुंद रस्ते आंखले, कडेनें झाडें लावलीं, गटारें बांधलीं, शाळांसाठीं व बागांसाठीं जागा राखून ठेवल्या, आणि त्यानंतर घरांचे तुकडे पाडले. इमारत तीन मजल्यांहून उंच नसावी असा निर्बंध घातला. मंचेरजी जोशी नांवाच्या पारशी स्थापत्यविशारदानें ट्रस्टशीं बोलणीं करून आपल्या समाजांतील बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीं १०३ तुकडे राखून घेतले. तीच आजची पारशी कॉलनी. तिच्याच शेजारीं हिंदू कॉलनी वसली.

तरीही लोक लगेच आले नाहींत. जमिनी संपादन झाल्यावर कित्येक वर्षें बरेच तुकडे रिकामे पडून होते. कचेरींत चाकरी करणारा गृहस्थ गिरगांव सोडून इतक्या दूर राहावयास तयार नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर मात्र वारें फिरलें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बंदरमार्गानें कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धांवली. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा-बोरिवली मार्गावर, म्हणजे दादरावरूनही, विजेच्या गाड्या सुरू झाल्या. स्थानकास वस्तीची आणि वस्तीस स्थानकाची अशी जोड मिळाली, तेव्हां कोठें आजचें दादर उदयास आलें.

येथें एक कटु गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. प्लेगच्या निमित्तानें ज्या गरीबांच्या चाळी पाडल्या, ते गरीब दादरच्या नव्या घरांत राहावयास आले नाहींत. तीं घरें मध्यम वर्गास मिळालीं. ज्यांचीं खाचरें व वाड्या गेल्या, त्यांच्याही वांट्यास तो प्रशस्त रस्ता क्वचितच आला. योजना उत्तम होती. परंतु ती कोणासाठीं, या प्रश्नाचें उत्तर तितकें उत्तम नव्हतें.

वस्ती वाढतांच तिच्या ठायीं विद्या व कला नांदूं लागल्या. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ साली दादरासच आपल्या "राजा हरिश्चंद्र" या पहिल्या चित्रपटाचें चित्रण केलें होतें. पश्चिमेकडे १९२५ साली नगरपालिकेनें सुमारें २८ एकरांचें मैदान लोकांस खुलें केलें. त्याचें मूळ नांव माहीम पार्क. शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाच्या सुमारास, १९२७ मध्यें, अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नानें त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतील प्रचंड सभा येथेंच भरल्या. एवढी जमीन घरांसाठीं विकली असती तर पैसा पुष्कळ मिळाला असता. परंतु लाखों माणसांस एकत्र उभें राहतां येईल अशी जागा मुंबईस मिळाली नसती.

हिंदू कॉलनींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपलें "राजगृह" बांधलें, तें मुख्यतः ग्रंथांसाठीं. ६ डिसेंबर १९५६ रोजीं दिल्लीस त्यांचें निर्वाण झालें. दुसऱ्या दिवशीं दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर लक्षावधि लोकांच्या उपस्थितींत अंत्यसंस्कार झाले. तीच आज चैत्यभूमि. ज्या जनतेस योजनेच्या नकाशांत स्थान नव्हतें, तीच दरवर्षीं त्या दिवशीं दादरचे सर्व रस्ते व्यापून टाकते. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून निघालेले लोकही तींत असतात.

५ नोव्हेंबर १९५१ रोजीं जुन्या कंपन्यांच्या जागीं मध्य व पश्चिम रेल्वे आल्या. जानेवारी १९८२ मध्यें गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या, आणि कोहिनूर गिरणीच्या जागेवर आतां गगनचुंबी इमारत उभी आहे. तीन मजल्यांचा जुना निर्बंध इतिहासजमा झाला. दोन रेल्वेंचे फलाट एकाच सलग क्रमानें मोजण्याची सुधारणा मात्र २०२३ साली झाली. तोंवर एकाच क्रमांकाचे दोन फलाट पाहून नवखा प्रवासी गोंधळून जाई.

श्रोतेहो, या इतिहासाचें सार थोडक्यांत सांगतां येईल. रूळ माणसांस आणतात व नेतात. वस्ती मात्र रूळ घडवीत नाहींत. ती घडते आधीं राखून ठेवलेल्या रस्त्यानें, गटारानें, शाळेनें आणि मैदानानें. लोहाऱ्यास रेल्वे नाहीं याची खंत असणें स्वाभाविक आहे. परंतु लोहारा आतां तालुक्याचें ठिकाण आहे, आणि तें वाढत आहे. गांवाबाहेरचीं शेतें एकेक करून घरांखालीं जात असतां, त्यांतील एखादा विस्तीर्ण तुकडा मुलांच्या खेळासाठीं आणि एक सरळ रुंद रस्ता सर्वांसाठीं आजच राखून ठेवणें, यासाठीं आगगाडीची वाट पाहावी लागत नाहीं. दादरच्या योजनेंत जे वगळले गेले, त्यांस येथें आरंभापासून गणनेंत घेणें, हेंही आपल्याच हातीं आहे.