‘१’ म्हणजे नक्की किती व्होल्ट?

गणपतीत करंजा इथल्या घरी मखराला एलईडीची पट्टी लावली. ईएसपी३२ बोर्ड आणि डब्ल्यूएस२८१२बी पट्टी, प्रयोगशाळेत आठवडाभर बिनतक्रार चाललेली जोडी. घरी मुद्दाम चांगला नवा अ‍ॅडॉप्टर लावला, तर पट्टी वाट्टेल तशी लुकलुकायला लागली. जुनी बारीक केबल लावली की पुन्हा ठीक! वीजपुरवठा सुधारला म्हणून प्रयोग बिघडला, हे कसं?

उत्तरासाठी इतिहासात जावं लागतं. १९६४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टीटीएल प्रकारच्या चिपांची ५४०० मालिका आणली, पुढे तिचीच स्वस्त ७४०० मालिका आली. पुरवठा ५ व्होल्टचा, आणि नियम असा: इनपुटला २ व्होल्टच्या वर ‘१’, ०.८ च्या खाली ‘०’. १९६८ च्या सुमारास आरसीएने सीमॉस चिपा आणल्या. त्यांचा उंबरठा ठरावीक नसतो, पुरवठ्याच्या प्रमाणात हलतो. पुढे ट्रान्झिस्टर लहान होत गेले, त्यांना ५ व्होल्ट सोसेनात, म्हणून ३.३ व्होल्ट रूढ झाले.

आता आपली पट्टी पाहा. ती सीमॉसच्या वळणाची. तिच्या जुन्या डेटाशीटप्रमाणे ‘१’ साठी पुरवठ्याच्या ०.७ पट व्होल्टेज लागतं. मीटर लावला, तर जुन्या केबलवर पट्टीला ४.६ व्होल्टच पोचत होते, म्हणजे उंबरठा ३.२२. ईएसपी३२ चे ३.३ व्होल्ट जेमतेम पुरत होते. नव्या अ‍ॅडॉप्टरवर ५.१ व्होल्ट, उंबरठा ३.५७. झालं, ‘१’ ओळखण्याची हमीच गेली.

आधी मी मॉस्फेटचं छोटं लेव्हल शिफ्टर मॉड्यूल लावून पाहिलं. त्यात सिग्नल वर खेचण्याचं काम १० किलोओहमचा रोधक करतो. वायरची धारिता ५० पिकोफॅरड धरली, तरी कालस्थिरांक ०.५ मायक्रोसेकंद होतो. पट्टीला ‘०’ सांगणारा पल्स मात्र जेमतेम ०.४ मायक्रोसेकंदाचा! सिग्नल धड वर चढायच्या आत पल्स संपतो.

उपाय निघाला ७४एचसीटी१२५ ही चिप. यातला ‘टी’ म्हणजे टीटीएलशी सुसंगत. आत सीमॉस, पण इनपुटचा उंबरठा २ व्होल्टचाच ठेवलेला, कारण तेव्हा जुन्या टीटीएल बोर्डांशी जुळवून घ्यायचं होतं. तिला ५ व्होल्ट पुरवठा द्या, ३.३ चा सिग्नल ती आरामात ‘१’ धरते आणि बाहेर जवळपास ५ व्होल्ट देते. नुसती ७४एचसी१२५ आणलीत तर उंबरठा पुन्हा ३.५ च्या आसपास, म्हणजे तीच रड. दुकानात हे एक अक्षर नीट वाचून घ्या.

संशोधनाला लागणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: माझा प्रयोग आठवडाभर चालला तो खराब केबलच्या कृपेने, आणि वहीत पुरवठ्याचं व्होल्टेज मी लिहिलंच नव्हतं. सेटअप बिघडल्यावर सगळेच मोजमाप करतात. तुम्ही तो चालत असतानाही मीटर लावा, आणि उंबरठ्यापासून आपण किती लांब आहोत ते वहीत लिहून ठेवा.