सूरसागर ते हरणी : धक्क्यावर ‘नाही’ कोण म्हणणार?

बडोद्याच्या पाण्याचा इतिहास आपण बहुतेक वेळा बांधकामाच्या अंगाने सांगतो. पूर्वीच्या चंदन तलावाला अठराव्या शतकात दगडी घाट आणि भिंत मिळाली आणि त्याचा सूरसागर झाला. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून आजव्याचं सरोवर झालं. मंडळाच्या याआधीच्या बैठकांमध्ये हे सगळं आलेलं आहे. आज मला त्याच पाण्याचा एक वेगळा इतिहास मांडायचा आहे. तो सांगायला जड जातो, पण सांगितला नाही तर विसरला जातो. किंबहुना एकदा तो विसरला गेलाच आहे.

दोन तारखा समोर ठेवतो. ११ ऑगस्ट १९९३ रोजी सूरसागरमध्ये सहलीची बोट उलटली आणि २२ माणसं बुडाली. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. दोन्ही तलाव एकाच शहरात आहेत. मध्ये तीस वर्षं गेली आणि कारणांची यादी जवळपास तीच राहिली.

सूरसागर म्हणजे आपल्या मराठी वस्तीचं अंगणच. एका बाजूला न्यायमंदिर, दुसऱ्या बाजूला संगीत महाविद्यालय, आणि पलीकडे दांडिया बाजार. आपल्या कितीतरी घरांतले गणपती वर्षानुवर्षं याच पाण्यात विसर्जित झाले. त्यामुळे १९९३ची बातमी या भागात वर्तमानपत्राच्या आधी तोंडोतोंडी पोचली. वयस्कर मंडळींना विचारलं की ती संध्याकाळ अजून आठवते. घाटावरची गर्दी, गॅसबत्त्या, पाण्यात उतरलेली माणसं, आणि ‘आपल्यातलं कोणी होतं का’ हा प्रश्न. बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा पुष्कळ जास्त माणसं होती, ही गोष्ट तेव्हाच सगळ्यांना कळली होती.

हरणीची गोष्ट तर ताजी आहे. तलाव महापालिकेचा, चालवायला कंत्राटदार. बोटीची क्षमता सुमारे चौदा माणसांची असल्याचं बातम्यांमध्ये आलं, आणि प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून जास्त लोक बसवलेले होते. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हती. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, अटका झाल्या, कंत्राट कसं दिलं गेलं यावर प्रश्न विचारले गेले. हे सारं घडून गेल्यावरचं झालं. मला त्याच्या आधीचा क्षण महत्त्वाचा वाटतो. बोट धक्क्याला बांधलेली आहे, पंधरावं मूल पाय उचलून आत येतंय, आणि तिथे उभ्या असलेल्या एकाही माणसाला ‘बास, आता पुढच्या फेरीला’ असं म्हणावंसं वाटत नाही.

तलावातली बोट उलटायला वादळ लागत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. माणसं वाढली की बोट खाली बसते आणि तिचा काठ पाण्याच्या जवळ येतो. माणसं उभी राहिली की सगळं वजन वर चढतं. मग कोणीतरी काहीतरी दाखवतं आणि सगळे एका बाजूला वळतात. बोट कलते, कलल्यामुळे माणसं त्याच बाजूला घसरतात, आणि घसरल्यामुळे ती आणखी कलते. तळाशी थोडं पाणी शिरलेलं असेल तर तेही वाहत त्याच बाजूला जाऊन साठतं. हे सगळं काही सेकंदांत होतं. त्यानंतर कितीही चांगला पोहणारा काठावर उभा असला तरी तीस जणांना तो एकटा काय पुरणार?

मराठी माणसाला हे समुद्रावरून आधीच ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईपासून फार दूर न जाता उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं, त्या धामधुमीत इतकी मोठी दुर्घटना देशाच्या आठवणीत मागे पडली. कोकणातल्या घरांनी मात्र ती जपली. बडोद्यात येऊन पिढ्या झालेल्या कोकणी कुटुंबांतही ‘रामदास’चं नाव निघालं की आवाज खाली येतो. त्याच आवाजात आपण सूरसागरबद्दल बोलतो. प्रश्न असा, की नुसतं हळहळण्यापलीकडे या आठवणीतून काही नियम तयार झाले का?

जगात ते झाले, आणि प्रत्येक नियमाच्या मागे कोणाचं तरी मरण आहे. इंग्लंडात कॅप्टन वॉर्डने १८५४ मध्ये बुचाच्या तुकड्यांचं जॅकेट तयार केलं. ते अवजड होतं, म्हणून बचाव-होडीवरचे खलाशीही ते घालायला नाखूश असत. ९ फेब्रुवारी १८६१ला व्हिटबी बंदरात बचाव-होडी उलटली. तेरा जणांपैकी बारा गेले. वाचलेला हेन्री फ्रीमन हा एकटाच ते नवं जॅकेट घालून होता. यापेक्षा स्पष्ट पुरावा क्वचितच कशाला मिळतो.

दुसरा नियम भाराचा. जहाजात किती माल भरायचा याची खूण बाहेरच्या अंगावर रंगवायची, ती पाण्याखाली गेली की जहाज जास्त भरलं आहे हे काठावरच्या पोरालाही कळावं, ही खासदार सॅम्युअल प्लिमसॉल यांची धडपड. १८७६ला कायदा झाला. पण त्यात एक मोठी फट राहिली : रेघ सक्तीची, मात्र ती कुठे मारायची हे जहाजाच्या मालकाने ठरवायचं! एका कप्तानाने ती थेट धुराड्यावर रंगवली, असं सांगतात. रेघेची जागा कायद्याने पक्की व्हायला १८९०चं दशक उजाडावं लागलं. ही फट मला फार बोलकी वाटते. ज्याला जास्त भरण्यात फायदा, त्याच्याच हातात मोजमाप दिलं, तर नियम कागदावर राहूनही बोट बुडते.

याच्या उलट व्यवस्था कशी असते ते मी मुंबईत शिडाच्या होड्यांच्या एका क्लबात पाहिलं. पाहुणा म्हणून गेलो होतो, होडीत बसलो नाही, दिवसभर धक्क्यावर उभा राहिलो. तिथल्या होड्या लहान, दोन माणसांच्या. त्या उलटतात, आणि उलटणारच हे सगळ्यांनी धरलेलं असतं. पहिल्या धड्यात पोरांना होडी मुद्दाम उलटी करायला लावतात. होडी सोडून पोहत किनारा गाठायचा नाही. तिला धरून राहायचं, जोडीदाराला हाक मारायची, तो शिडाखाली अडकला नाही ना हे पाहायचं, मग तळातून बाहेर आलेल्या फळीवर वजन टाकून होडी सरळ करायची. दहा-अकरा वर्षांची मुलगी हे तीन मिनिटांत करते, हसत हसत.

जॅकेटशिवाय कोणी धक्का ओलांडत नाही. एक शिक्षक प्रत्येक मुलाचं जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढून बघत होता. ते कानापर्यंत सरकलं तर माप मोठं, बदल. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला अडकवलं की पाण्यात ते डोक्यावरून निसटतं. नुसतं ‘जॅकेट होतं’ म्हणून भागत नाही, हे मला तिथे समजलं. पाण्यात जाणाऱ्याचं नाव वहीत लिहितात, परत आल्यावर त्यापुढे खूण करतात. संध्याकाळी एक खूण कमी होती, तर चहा बाजूला ठेवून शोधाशोध झाली. मुलगा कपडे बदलायच्या खोलीत होता. कोणी त्याला हसलं नाही, कोणी वैतागलंही नाही.

इंजिनाची बचाव-बोट सबंध वेळ पाण्यात चालू असते, धक्क्याला बांधून ठेवलेली नसते. तिच्यावरच्या माणसांना क्रम पाठ असतो : आधी माणसं मोजायची, मग माणसं उचलायची, होडीचं नंतर बघू. चालकाच्या अंगाला इंजिनाची दोरी अडकवलेली असते. तो पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद पडतं, म्हणजे पंखा कोणाला लागत नाही. वारा वाढला की झेंडे बोलतात. पिवळ्या-लाल तिरक्या पट्ट्यांचा झेंडा वर गेला की जॅकेट सक्तीचं. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा गेला की शर्यत रद्द. तो निर्णय त्या दिवशीच्या जबाबदार अधिकाऱ्याचा. होडी कोणाची, फी किती भरली, कोण कुठून आलंय, याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं.

शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अगदी सुरुवातीला लिहिलेलं आहे की संकटात असलेल्या माणसाला किंवा होडीला शक्य ती सगळी मदत करायचीच. त्याला जोडून आणखी एक शहाणपणाची तरतूद आहे : मदतीला गेल्यामुळे जो मागे पडेल त्याची भरपाई परीक्षक करतात. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये, पुसानच्या समुद्रात, कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू दुसऱ्या क्रमांकावर होता. वारा पिसाटला होता. सिंगापूरच्या दोन खेळाडूंची होडी उलटलेली त्याला दिसली. त्याने शर्यत सोडली, दोघांना वाचवलं, गस्ती बोट येईपर्यंत थांबला आणि मग खूप मागून शर्यत पुरी केली. परीक्षकांनी त्या शर्यतीत त्याला दुसरा क्रमांकच दिला. लेम्यूचं धैर्य मोठं होतंच. पण आपल्यासाठी धडा त्या तरतुदीत आहे. जीव वाचवणाऱ्याला तोटा होऊ नये, अशी सोय आधीच करून ठेवलेली होती.

आता सहलीच्या तलावाकडे परत या. तिथे तिकीट विकणारा, माणसं मोजणारा आणि ‘बस’ म्हणणारा एकच असतो. त्याला एकेक फेरी कमी करायची असते, कारण सुट्टीच्या दिवशी रांग लांब आणि डिझेल महाग. जास्त माणसं नेली तर त्याचा फायदा. ‘नाही’ म्हटलं तर तोटा, वर गिऱ्हाइकाची कुरकुर. सहलीचे शिक्षकही घाईत असतात, परतीची बस उभी असते. यात कोणी राक्षस असावा लागत नाही. सगळेच थोडे थोडे घाईत असले की पुरतं.

नियम आपल्याकडे आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये बोटींच्या सुरक्षिततेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. १९१७चा जुना कायदा बाजूला होऊन २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात नोंदणी, तपासणी, चालकाचा परवाना हे सगळं आहे. तरी २०२४ला हरणी घडलं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की मोजणारा आणि कमावणारा वेगळा हवा. प्रत्येक धक्क्यावर एक माणूस असा असावा ज्याचा पगार तिकिटांवर अवलंबून नाही, ज्याच्या हातात वही आहे, आणि ज्याने बोट थांबवली तर त्याला कोणी जाब विचारत नाही. बोटीच्या बाहेरच्या अंगावर भाराची ठळक रेघ असावी, आणि ती बोट बांधणाऱ्याने किंवा भाडं घेणाऱ्याने मारलेली नसावी. बचाव-बोट पाण्यात, चालू स्थितीत असावी. याला काही कोटी लागत नाहीत.

इतिहास मंडळाचं काम यात काय, असं कोणी विचारेल. मला वाटतं, आहे. १९९३ नंतर जन्मलेल्या बडोदेकरांपैकी किती जणांना सूरसागरची दुर्घटना ठाऊक आहे? मी ओळखीच्या तरुण मंडळींना विचारून पाहिलं. महादेवाची मूर्ती सगळ्यांना माहीत, बोटीचं बहुतेकांनी ऐकलेलंच नव्हतं. घाट कोणी बांधला हे आपण जपलं, तसंच त्या घाटावर काय घडलं हेही नोंदवून ठेवायला हवं. हरणीच्या आधी शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेला सूरसागर आठवला असता, तर कदाचित तिने मुलं मोजून दोन फेऱ्या करायला लावल्या असत्या.

सूरसागरमधल्या बोटिंगचे जुने फोटो, तिकिटं, त्या दिवसाची कात्रणं किंवा प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्या आठवणी कोणाच्या घरी असतील, तर त्यांनी मंडळाला जरूर कळवावं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांची इच्छा नसेल तर नावं छापली जाणार नाहीत. आणि या सुट्टीत पोरांना घेऊन कुठल्याही तलावावर गेलात, तर बोटीत चढण्याआधी तीन गोष्टी विचारा : किती माणसांची बोट, माझ्या मुलाच्या मापाचं जॅकेट कुठे आहे, आणि उलटलो तर कोण येणार? उत्तर पटलं नाही तर काठावर बसून चणे खा. पोरं थोडा वेळ रुसतील, बाकी काही होत नाही.